घरपट्टी, दप्तर आणि सव्वीस नंबरचा नमुना

जानेवारी लागला की मला अजूनही पहाटे चारला जाग येते. १९८९ साली ग्रामसेविका म्हणून रुजू झाले, २०२० साली ग्रामविकास अधिकारी म्हणून निवृत्त झाले. मधल्या ३१ वर्षांत सोलापूर जिल्ह्यातल्या सात गावांची दप्तरं माझ्या हाताखालून गेली आणि दर वर्षी याच दिवसांत पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक मानगुटीवर बसलेलं असायचं. त्यामुळे या महिन्याच्या टपालात वाचकांची सगळी पत्रं ग्रामपंचायतीच्या पैशाचीच निघाली, याचं मला नवल वाटलं नाही. पत्रं थोडी छाटली आहेत, नावं गाळली आहेत. (ग्रामसेवक हे पद २०२४ पासून कागदावर 'ग्रामपंचायत अधिकारी' झालं आहे. माझ्या गावात अजून कोणी तसं म्हणत नाही, मीही जुनंच नाव वापरणार आहे.)

प्रश्न : मी थेट जनतेतून निवडून आलेली सरपंच आहे. गेल्या वर्षी ग्रामसेवकांनी अंदाजपत्रक पुढे ठेवलं. जमा ४६ लाख, खर्च ४५ लाख ९० हजार. मी सही केली. डिसेंबरात पाणीपुरवठ्याची मोटर जळाली. रिवाइंडिंगचं बिल १८ हजार, तर म्हणाले, 'खात्यात पैसे नाहीत.' मग ४६ लाख गेले कुठे? यंदा सही करायच्या आधी मी काय पाहू? – सरपंच, सातारा जिल्हा

ताई, ४६ लाख गेले नाहीत, ते आलेच नव्हते.

तुम्ही पत्राबरोबर नमुना १ ची झेरॉक्स जोडलीत हे फार बरं केलंत. नमुना १ म्हणजे अंदाजपत्रक. २०११ च्या लेखा संहितेत ग्रामपंचायतीसाठी एकूण ३३ नमुने, म्हणजे हिशेबाचे ठरावीक तक्ते आणि नोंदवह्या, आहेत. ते सगळे पाठ करू नका, मलाही सगळे पाठ नव्हते. सरपंचाला पाच-सहा नीट वाचता आले तरी पुष्कळ.

जमेच्या बाजूला घरपट्टीची ओळ बघा. १४ लाख ५० हजार. हा आकडा आला कुठून? मागची थकबाकी ९ लाख ४० हजार आणि चालू मागणी ५ लाख १० हजार, दोन्हींची बेरीज. म्हणजे नमुना ९, कर मागणी नोंदवही उघडली आणि तिथला शेवटचा आकडा जसाच्या तसा उचलून जमेला टाकला. पण मागणी म्हणजे गावाकडून येणं आहे, हातात आलेला पैसा नाही. तुम्हीच लिहिलंय की गेल्या तीन वर्षांत वसुली झाली ३ लाख ५ हजार, ३ लाख ४० हजार आणि २ लाख ८५ हजार. सरासरी ३ लाख १० हजार. या एकाच ओळीत ११ लाख ४० हजारांची हवा आहे.

असं का होतं, तर आपल्याकडे बहुतेक ठिकाणी खर्च आधी ठरतो. प्रत्येक सदस्याला आपल्या वॉर्डात गटार हवं, एखादा हायमास्ट हवा, स्मशानभूमीला शेड हवी. सगळ्यांची यादी खर्चाला लागते आणि मग जमा त्याला पुरेल एवढी फुगवली जाते. कुणाला नाही म्हणायची वेळ येत नाही, मासिक सभा चहा पिऊन संपते. हे मी ऐकीव सांगत नाही. सुरुवातीची चार-पाच वर्षं मीही असंच केलंय. मग एका विस्तार अधिकाऱ्यांनी दप्तर तपासणीत मला विचारलं, "बाई, ही थकबाकी मेलेल्या माणसांकडून कशी वसूल करणार?" आम्ही दोघांनी बसून नोंदी चाळल्या. पडलेली घरं, वारस नसलेली खाती, वाटणीनंतर बापाच्या आणि मुलाच्या अशा दोन्ही नावांवर चढलेलं एकच घर. थकबाकीचा जवळजवळ तिसरा हिस्सा असा निघाला की जो येणारच नव्हता.

म्हणून यंदा पहिलं काम हे करा. जमेच्या प्रत्येक ओळीसमोर पेन्सिलीने गेल्या तीन वर्षांची प्रत्यक्ष जमा लिहून घ्या. ती पावत्यांवरून आणि जमा रकमांच्या नोंदवहीवरून मिळते, म्हणजे नमुना १० आणि नमुना ६. सरासरीपेक्षा जास्त आकडा धरायचा असेल तर कारण विचारा. 'यंदा वसुलीची मोहीम घेणार आहोत' हे कारण चालेल, पण मग कोण, कुठल्या महिन्यात, कुठल्या आळीत, हेही त्याच सभेत ठरवा.

आता मोटरकडे येऊ. पाणीपुरवठ्याचं खातं वेगळं असतं, तो पैसा ग्रामनिधीत, म्हणजे ग्रामपंचायतीच्या मुख्य खात्यात, मिसळायचा नसतो. तुमचे आकडे मी मांडून पाहिले. नळजोडण्या ४१०, पाणीपट्टी वर्षाला १,२०० रुपये, म्हणजे मागणी ४ लाख ९२ हजार. विजेचं बिल महिना ३१ हजार, म्हणजे वर्षाचे ३ लाख ७२ हजार. पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याचा पगार महिना ९ हजार, वर्षाचे १ लाख ८ हजार. झाले ४ लाख ८० हजार. गावातल्या प्रत्येक घराने शेवटच्या रुपयापर्यंत पाणीपट्टी भरली असती, तरी पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर, व्हॉल्व्ह, गळती आणि मोटर यांच्यासाठी तुमच्या हातात वर्षाला १२ हजार उरले असते. प्रत्यक्षात वसुली २ लाख ६० हजार. मोटर जळाली नसती तरी तुम्ही २ लाख २० हजारांच्या खड्ड्यातच होतात. मोटर जळली म्हणून तो दिसला, एवढंच.

जलजीवन मिशनची योजना आली, माणशी रोज ५५ लिटर पाणी दारात आलं, फार चांगलं झालं. पण योजना बांधायला पैसे मिळतात, ती चालवायची आपण. नवी योजना ताब्यात घेताना पाणीपट्टीचा दर पुन्हा मोजणारी ग्रामपंचायत मला क्वचितच दिसली. १,२०० ची पाणीपट्टी १,८०० करा असं मी लगेच म्हणणार नाही, कारण ज्यांनी १,२०० भरले नाहीत ते १,८०० भरणार नाहीत आणि जे भरतात त्यांच्यावर आणखी बोजा पडेल. आधी वसुली, मग दर.

'वित्त आयोगाच्या खात्यात पैसे होते, त्यातून मोटर का नाही केली?' असंही तुम्ही विचारलंय. करता आली असती. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात (२०२१-२६) ६० टक्के निधी बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांपुरताच होता, त्यातला निम्मा स्वच्छतेला आणि निम्मा पिण्याच्या पाण्याला. पाणी योजनेची देखभाल त्यात बसत होती. अडचण अशी की काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात असावं लागतं. तुमच्या आराखड्यात पाण्याच्या नावाखाली फक्त 'नवीन पाइपलाइन' लिहिलंय. पुढच्या आराखड्यात 'पाणीपुरवठा योजना देखभाल-दुरुस्ती' ही ओळ ठोक रकमेसह घालून ठेवा. मोटर जळायची तारीख आपल्याला कळत नाही, पण ती जळणार हे तर माहीत असतं.

आता शेवटचं आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं. अंदाजपत्रक मंजूर झालं की ते कपाटात जातं आणि पुढच्या जानेवारीत मागची प्रत पाहून नवं लिहायला बाहेर येतं. हे मोडायचं असेल तर दर मासिक सभेत नमुना २६ वाचून घ्या. २६ क म्हणजे जमेचं मासिक विवरण, २६ ख म्हणजे खर्चाचं. वर्षासाठी धरलेली रक्कम, मागच्या महिन्यापर्यंत झालेली आणि या महिन्यात झालेली, हे शेजारी शेजारी ठेवले की वर्षाचा तोल कुठे जातोय ते जूनमध्येच कळतं. पुष्कळ ठिकाणी हा नमुना वर्षाच्या शेवटी एका बैठकीत बारा महिन्यांचा एकदम लिहिला जातो, एकाच पेनाने, एकाच शाईत. तुमच्याकडचा काढून बघा. शाई बघा आधी, आकडे नंतर.

माझी स्वतःची सवय अशी होती की दर महिन्याच्या दहा तारखेच्या आत पासबुक छापून आणायचं आणि रोकडवहीच्या शिलकेला लावायचं. दोन्ही आकडे जुळत नाहीत म्हणून घाबरू नका. दिलेला चेक समोरच्याने वटवला नसेल तर फरक दिसतोच. तो फरक कुठल्या चेकचा आहे हे एका ओळीत लिहिता आलं पाहिजे. लिहिता येत नसेल तर तिथेच थांबायचं, दुसरा चेक फाडायचा नाही.

आणि ते डोंगल, डिजिटल सहीचं पेनड्राइव्हसारखं उपकरण. आयोगाच्या पैशाचं देयक तुमच्या आणि ग्रामसेवकाच्या डिजिटल सहीने निघतं. पुष्कळ गावांत दोघांची डोंगलं आणि पिन ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये असतात, 'सोयीचं पडतं' म्हणून. चेकबुकावर कोऱ्या सह्या करून ठेवाल का? मग डोंगल घरी न्या.

प्रश्न : ग्रामसभेत जमाखर्च विचारला की 'ऑडिट झालेलं आहे गुरुजी, बसा' असं उत्तर मिळतं. ऑडिट झालं म्हणजे आम्ही विचारायचं नाही का? – निवृत्त शिक्षक, लातूर जिल्हा

गुरुजी, बसू नका.

ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चं कलम ८ काढून जवळ ठेवा. आर्थिक वर्ष सुरू झाल्यापासून दोन महिन्यांच्या आत वर्षातली पहिली ग्रामसभा घ्यावी लागते. आपल्याकडे ती बहुधा १ मे ला होते. त्या सभेपुढे ग्रामपंचायतीने स्वतःहून ठेवायच्या गोष्टी कायद्यात दिल्या आहेत : वर्षाचा जमाखर्च, मागच्या वर्षाच्या कारभाराचा अहवाल, चालू वर्षात घ्यायची कामं, आणि (हे नीट ऐका) शेवटची लेखापरीक्षण टिप्पणी व तिला दिलेली उत्तरं. तेव्हा 'ऑडिट झालंय' हे उत्तर म्हणून पुरत नाही. 'मग टिप्पणी वाचा' असं तुम्ही म्हणायचं.

ऑडिट म्हणजे काय, याबद्दल गावात दोन टोकाचे गैरसमज आहेत. एक, ऑडिट झालं म्हणजे सगळं स्वच्छ. दोन, ऑडिटचा पॅरा, म्हणजे लेखी आक्षेप, पडला म्हणजे पैसे खाल्ले. दोन्ही मी अंगावर घेतलेत, म्हणून एक जुनी गोष्ट सांगते.

१९९४ चा पावसाळा होता. मी होते त्या गावात ओढ्याचं पाणी पिण्याच्या विहिरीत शिरलं आणि जुलाब-उलट्यांची साथ आली. टीसीएल संपलेली. वार रविवार, बँक बंद. त्या दिवशी घरपट्टीच्या वसुलीचे ८१२ रुपये माझ्या पिशवीत होते. त्यातले ६४० देऊन तालुक्याहून टीसीएल आणली, दुकानदाराची पावती घेतली, रात्री कंदिलाच्या उजेडात विहिरीत टाकली. सोमवारी उरलेले १७२ बँकेत भरले. तीन वर्षांनी ऑडिट आलं आणि माझ्या नावावर पॅरा पडला : 'वसूल रक्कम बँकेत भरणा न करता परस्पर खर्च.' मी फार रडले तेव्हा. गाव वाचवायला गेले आणि चोर ठरले, असं वाटलं. तीनदा अनुपालन, म्हणजे आक्षेपाचं उत्तर, लिहून दिलं, २००१ मध्ये तो पॅरा सुटला.

आता मागे वळून बघताना त्या लेखापरीक्षकांचं मला पटतं. वसूल झालेला प्रत्येक रुपया आधी बँकेत, मग तिथून खर्च, हा नियम टीसीएलसाठी वाकवला की तो सगळ्याचसाठी वाकतो. माझ्या ६४० रुपयांच्या भोकातून दुसऱ्या कुणाचे ६४ हजार सहज निघाले असते.

पण त्याच ऑडिटची दुसरी बाजूही सांगते. मी रुजू होण्याआधी त्या गावात एका पाणंद रस्त्यावर मुरूम टाकल्याचं बिल निघालेलं होतं. इस्टिमेट होतं, मोजमाप वहीत नोंद होती, प्रमाणक (व्हाउचर) होतं, सह्या होत्या. मुरूम मात्र अर्ध्याच रस्त्यावर होता. कागद पुरे, म्हणून पॅरा नाही. लेखापरीक्षक कागद तपासतात. तीन-तीन वर्षांनी येऊन त्यांनी मुरूम उकरून पाहावा अशी अपेक्षाच चुकीची आहे. मुरूम पाहायचा तो त्या रस्त्याने रोज बैल नेणाऱ्याने. ग्रामसभेला हिशेब विचारायचा अधिकार म्हणूनच आहे.

तुम्ही विचारताना एक करा. 'सगळा हिशेब द्या' असं म्हणू नका. असं म्हटलं की ग्रामसेवक तीस हजार आकड्यांचा ढीग वाचायला लागतो आणि अर्धी सभा उठून जाते. एकच काम धरा, उदाहरणार्थ तुमच्या शाळेसमोरचं गटार. लांबी इस्टिमेटात किती, मोजमाप वहीत किती आणि जमिनीवर किती? सभेला जाताना टेप घेऊन जा. तुम्ही आयुष्यभर मुलांना लांबी-रुंदी शिकवली, तेवढंच गणित इथे लागतं.

शिवाय नमुना ३० मागा, लेखापरीक्षण आक्षेप पूर्ततेची नोंदवही. किती पॅरे पडले, किती सुटले, किती वर्षं लोंबकळताहेत, हे एका पानावर कळतं. आणि सरपंचांना जमलं तर हेही सांगा की आयोगाच्या अनुदानासाठी लेखापरीक्षित हिशेब ऑनलाइन असणं ही अटच आहे. दप्तर लपवून गावाचाच पैसा अडतो.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त ठाण्यात असतो. सिंधुदुर्गातलं घर गणपतीत आठ दिवस उघडतं. यंदा ११ वर्षांच्या घरपट्टीचं १३ हजारांचं बिल हातात ठेवलं, त्यात दिवाबत्ती आणि आरोग्य करही आहे. राहतच नाही तर का भरू? आणि भरले तर पैसे कुठे जातात हे इथे बसून कसं पाहू?

भाऊ, घरपट्टी घरावर असते, राहण्यावर नसते. आठ दिवस का होईना, दिवा लागतोच की तुमच्या वाटेवर. गणपतीच्या आठवड्यात गाव दुप्पट होतं, पाणी दुप्पट लागतं, कचरा तिप्पट होतो आणि हे सगळं ग्रामपंचायत बारा महिने राहणाऱ्यांच्या पट्टीवर करते. माझा कल उघडच वसुली करणाऱ्यांकडे आहे, तो मी लपवत नाही.

पण आकारणी बरोबर आहे का हे तपासायचा तुमचा हक्क आहे. २०१५ च्या अखेरीस नियम बदलले आणि कर इमारतीच्या भांडवली मूल्यावर लागू लागला. आकारणीची नोंद नमुना ८ ला असते. तिथे क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार आणि वय बघा. तुमचं मातीच्या भिंतींचं कौलारू घर कुणी टेबलावर बसून आरसीसी लिहून टाकलं असेल तर मूल्य भलतंच चढतं. फेरआकारणी दर चार वर्षांनी होते, तेव्हा यादी लागते आणि हरकती मागवतात. तुम्ही ठाण्यात असता म्हणून ती मुदत दर वेळी निघून जाते. गावातल्या एखाद्या भावकीतल्या पोराला सांगून ठेवा, यादीचा फोटो पाठवेल. पुढच्या वर्षापासून चालू पट्टी सप्टेंबरअखेर भरा, ५ टक्के सूट मिळते. गणपती त्याच सुमारास येतात, वेगळी खेप पडत नाही.

पैसे कुठे जातात हे ठाण्यातून बरंच दिसतं. २०२० पासून केंद्राचं ई-ग्रामस्वराज हे संकेतस्थळ आहे. राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत आणि वर्ष निवडलं की मंजूर आराखडा आणि आयोगाच्या निधीतून झालेला खर्च दिसतो. घरपट्टीच्या, म्हणजे ग्रामनिधीच्या खर्चाचा बारकावा मात्र दप्तरातच असतो. त्यासाठी माहिती अधिकाराचा १० रुपयांचा अर्ज आणि पानाला २ रुपये. पण अर्जाआधी एकदा गणपतीत ग्रामपंचायतीत जाऊन बसा. चहा मिळेल, रोकडवहीही मिळेल. चाकरमानी दप्तर बघायला आला याचाच ग्रामसेवकाला एवढा धक्का बसतो की निम्म्या गोष्टी तो आपणहून सांगतो.

जाता जाता, तुमच्या पत्राच्या तळाशी पुढची निवडणूक लढवायचा विचार लिहिलाय. मग तर लगेच भरा. रीतसर बिल बजावल्यावर तीन महिन्यांत कर न भरणारा माणूस कलम १४ खाली अपात्र ठरतो. निवडून आलेले सदस्य असल्या दोनशे-तीनशे रुपयांसाठी घरी गेलेले मी पाहिलेत.

प्रश्न : आयोगाच्या अबंधित निधीतून ग्रामदैवताच्या देवळापुढे सभामंडप बांधता येईल का? सगळं गाव एकमताने ठराव द्यायला तयार आहे.

नाही. एकमताने चुकीचा ठराव केला तरी तो चुकीचाच राहतो. अबंधित निधी राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीतल्या २९ विषयांवर खर्च करायचा आहे, पगार आणि आस्थापना सोडून. देऊळ त्यात नाही. सभामंडपासाठी आमदार निधी किंवा क वर्ग तीर्थक्षेत्राची वाट धरा. आणि तुमच्या पत्रात 'सध्या प्रशासक आहे' असं लिहिलंय. मुदत संपून निवडणूक न झालेल्या ग्रामपंचायतीला आयोगाचं अनुदान मिळतच नाही. तेव्हा आधी निवडणुकीचं बघा, मंडपाचं नंतर.

प्रश्न : १५ टक्के, १० टक्के आणि ५ टक्के म्हणजे नक्की कशाचे? आमच्याकडे दर वर्षी २८ मार्चला या पैशातून प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि ताडपत्री घेतात. – ग्रामपंचायत सदस्य, अहिल्यानगर जिल्हा

ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नाचे. १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी. दिव्यांगांचे पूर्वी ३ होते, २०१८ पासून ५ झाले.

खुर्च्यांचं कारण सरळ आहे. हा खर्च झाला की नाही हे वर विचारतात, उपयोगी झाला का हे कुणी विचारत नाही. मग मार्चएंडला धावपळ होते, दुकानदार ठरलेला असतो आणि नमुना २८, म्हणजे या खर्चाचं विवरण, भरून मोकळं व्हायचं. मी एका गावात याच पैशातून घेतलेल्या ४० सतरंज्या पाहिल्या. त्या सगळ्या माजी उपसरपंचांच्या मांडव-डेकोरेशनच्या गोडाऊनमध्ये होत्या आणि लग्नाला भाड्याने जात होत्या.

सदस्य म्हणून तुमच्या हातात एक गोष्ट आहे. एप्रिलच्याच मासिक सभेत ठराव मांडा की सप्टेंबरअखेरपर्यंत जमा झालेल्या उत्पन्नावर हे तिन्ही हिस्से काढून ऑक्टोबरात खर्च करायचे, आणि उरलेल्याचे फेब्रुवारीत. दिव्यांगांच्या घरी जाऊन त्यांना विचारा. आमच्याकडे एकाने तीनचाकी नको म्हटलं. त्याला दारापासून रस्त्यापर्यंत दहा फुटांचा उतार हवा होता. काँक्रीटचा उतार, खर्च ताडपत्रीपेक्षा कमी.

उपसरपंचांच्या गोडाऊनसारखं काही असेल तर नमुना १६, जड वस्तूंची नोंदवही मागा आणि वस्तू दाखवा म्हणा. नोंद असते, वस्तू नसते.

प्रश्न : गेल्या मे महिन्यात वळवाच्या वाऱ्यात जिल्हा परिषद शाळेच्या दोन वर्गांचे पत्रे उडाले. अंदाजपत्रकात शाळा दुरुस्तीला फक्त ५ हजार होते, खर्च ६० हजारांचा. ग्रामसेवक म्हणाले, 'तरतूद नाही, पुढच्या वर्षी बघू.' मुलं वर्षभर देवळात बसली. तरतूद नसली की काहीच करता येत नाही का?

करता येतं. नमुना २ त्यासाठीच आहे, पुनर्विनियोजनाचा. ग्रामनिधीतल्या ज्या शीर्षाखाली रक्कम पडून आहे तिथून ती शाळा दुरुस्तीकडे वळवायची. मासिक सभेत ठराव, नमुना २, पंचायत समितीला प्रत. बंधित निधी आणि वरच्या पत्रातले तीन हिस्से मात्र इकडे वळवायचे नाहीत. तुमच्या गावात हायमास्टसाठी ८० हजार धरले होते आणि जानेवारीपर्यंत त्यातला रुपया खर्चलेला नव्हता, हे तुम्हीच लिहिलंय. जूनमधल्या सभेत कुणी २६ ख वाचला असता तर ते ८० हजार दिसले असते आणि मुलं जुलैत वर्गात बसली असती.

जिल्हा परिषदेची शाळा म्हणून त्यांनीच करायचं, हे म्हणणं रास्त आहे, पण तिकडची मंजुरी यायला पावसाळा संपतो. गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र द्या, पोच घ्या आणि आपलं काम चालू ठेवा.

या मे च्या आत पत्रे बसवत असाल तर एक सांगते. मोजमाप वहीत पत्र्यांचं क्षेत्रफळ लिहिलं जातं, पत्रा धरून ठेवणाऱ्या जे-हुकांची संख्या कुणी लिहीत नाही. ठेकेदार वाचवतो ते तिथेच. शिडीवर एखाद्या पोराला चढवून हुक मोजून घ्या आणि आकडा अभियंत्याला वहीत लिहायला लावा, मगच बिलावर सही होऊ द्या.